आजीची सवत

(मंडळाच्या वर्धापनदिनी, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालायच्या, चहाचे आधण ठेवायचे आणि सर्वांचे झाले की कपबशा मोजून घ्यायच्या. यंदा चिटणीस वहिनींनी माझे नाव वक्त्यांच्या यादीत घातले, तेव्हा मला वाटले, चूक झाली असेल. पण त्या म्हणाल्या, "तू त्या पाखराची हकीकत सांग, बाकी काही नको." म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

ते पाखरू तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या निंबाला नायलॉनच्या मांज्यात अडकून ते उलटे लटकत होते. पोरे म्हणाली घारीचे पिल्लू आहे, कोणी म्हणाले कोकिळा आहे. तो शिक्रा होता. कबुतराएवढा पक्षी, पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळे पिवळे जर्द. मी त्याच्या अंगावर जाड फडके टाकले, डोळे झाकले, तशी त्याची फडफड थांबली. मग मांजा कापला, भोके पाडलेल्या खोक्यात त्याला ठेवले, तोंडात पाणी ओतू दिले नाही, आणि १९२६ ह्या वनखात्याच्या नंबरावर फोन लावला. माणसे येऊन त्याला घेऊन गेली. तेव्हापासून जी ती मला विचारते, "तुला गं हे कसं ठाऊक?" आज त्याचे उत्तर देते.

माझ्या आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, इथेच देवपुरात राहत. सगळे त्यांना जिभाऊ म्हणत, आम्ही नातवंडेसुद्धा. ते कापसाच्या जिनात तोलणार होते. शेतकऱ्यांच्या गाड्या आल्या की कापूस काट्यावर चढवायचा, वजन पुकारायचे. त्यांचा हात आणि डोळा असा बसलेला होता की गाठोडे उचलून पाहिले तरी वजन सांगत, आणि ते फारसे चुकत नसे. जिनाचा हंगाम हिवाळ्याचा. आणि त्यांचा दुसरा नादही हिवाळ्याचाच. ते शिक्रा पाळत.

तुम्ही म्हणाल, ससाणे पाळणे हे राजेरजवाड्यांचे काम. खरे आहे. माझ्या मुलीने कॉलेजच्या पुस्तकातून मला वाचून दाखवले की, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ससाण्याची शिकार सांगितली आहे. पुढे कुमाऊँच्या रुद्रदेव राजाने तर या एकाच विषयावर 'श्यैनिकशास्त्र' लिहिले, आणि हरप्रसाद शास्त्र्यांनी ते १९१० साली कलकत्त्याला इंग्रजी भाषांतरासह छापले. आपल्या शेजारच्या सौराष्ट्रात भावनगरच्या राजघराण्यातले धर्मकुमारसिंहजी हे पक्ष्यांचे मोठे जाणकार आणि ससाणे पाळणारेही होते. पण बाज आणि बहिरी ससाणा राजाला परवडत. गरिबाचा ससाणा म्हणजे शिक्रा. तो आपल्याच निंबा-बाभळींवर राहतो, आणि पंधरा-वीस दिवसांत हाताला येतो. जिभाऊंना ही विद्या गुजराथकडून आलेल्या एका म्हाताऱ्या बाजदाराने शिकवली. तो कधीकाळी कुठल्याशा संस्थानात नोकरीला होता, आणि संस्थान गेल्यावर त्याचे पोट आणि पाखरू दोन्ही उघड्यावर आले होते.

पकडण्याची तऱ्हा अशी. बांबूच्या कामट्यांची बुटकी, छत्रीच्या आकाराची जाळी करायची. आत एक चिमणी किंवा उंदीर. वरून घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक बारीक फास. शिक्रा भक्ष्यावर झडप घालायला येतो आणि त्याची नखे फासात अडकतात. हिला बालछत्री म्हणतात. ही आपल्याकडच्या पारध्या-बाजदारांची युक्ती अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी १९५९ साली छापून प्रसिद्ध केली, आणि आता जगभरचे पक्षिशास्त्रज्ञ पक्ष्यांच्या पायात कडी घालण्यासाठी तिचाच उपयोग करतात. नावसुद्धा तेच ठेवले आहे.

पकडल्यावर जुने बाजदार पाखराच्या पापण्या दोऱ्याने शिवून टाकीत. जिभाऊंनी ते कधी केले नाही. ते पाखराला अंधाऱ्या खोलीत घेऊन बसत. पायात मऊ कातड्याच्या वाद्या, एक लहानसे घुंगरू, डाव्या मुठीवर जाड फडके, आणि त्या मुठीत मांसाचा तुकडा. रात्र रात्र तसेच बसायचे. पाखराच्या डोळ्यांत पाहायचे नाही, तोंड दुसरीकडे करायचे. बोलायचे नाही. भूक लागून ते आपण होऊन मान खाली घालील आणि मुठीतले खाईल, तोवर वाट पाहायची. मग हातभरावरून मुठीवर उडी, मग दोरी बांधून पाच हातांवरून, मग वीस हातांवरून, आणि शेवटी दोरी सोडून. माझे मामा लहानपणी घाई करून दोरी ओढू लागले की जिभाऊ अहिराणीत एवढेच म्हणत, "वढू नको, तिले येऊ दे." तिले म्हणायचे, कारण शिकारीला मादी घेतात. शिक्र्यात मादी नरापेक्षा मोठी आणि दमदार असते.

या विद्येचे सगळे मर्म वजनात आहे. पाखरू पोटभर जेवलेले असले तर सोडल्यावर झाडावर जाऊन बसते, मालकाला ओळख दाखवत नाही. फार उपाशी ठेवले तर पंखांतले बळ जाते आणि थंडीच्या एका रात्रीत मरते. या दोहोंच्या मधली जागा रोज सापडावी लागते. जिभाऊ रोज पहाटे सोनाराच्या लहान तराजूत तिचे वजन करीत. तिचे योग्य वजन अठरा तोळे. वर-खाली अर्ध्या तोळ्याचा फरक पडला तरी त्यांना चैन पडत नसे. तिची विष्ठा पांढरी स्वच्छ आहे की हिरवट, आदल्या दिवशीच्या पिसांची आणि हाडांची गोळी तिने सकाळी ओकून टाकली की नाही, हे पाहिल्याशिवाय ते तोंड धूत नसत.

आता खरी हकीकत सांगते. ही १९६३ सालच्या हिवाळ्यातली. माझी आई, सुमन, तेव्हा आठ वर्षांची होती आणि मामा तीन वर्षांचे. हे सगळे मी आईकडून, आजीकडून आणि थोडे स्वतः जिभाऊंकडून ऐकले आहे.

आजीला नवरात्रापासून खोकला होता. संध्याकाळी अंग कसकसायचे. लुगडे अंगावर राहीनासे झाले होते. पण बाईमाणसाचा खोकला, त्याला कोण विचारतो? ती स्वयंपाक करी, धुणे पांझरेवर नेई, कापूस वेचायलाही जाई. दिवाळी झाली, आणि एके दिवशी थुंकीत रक्त पडले. तेव्हा जिभाऊ तिला सायकलवर पुढे बसवून पांझरेच्या पुलावरून पलीकडे दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी विचारले, "खोकला किती दिवसांपासून?"

जिभाऊंना सांगता येईना.

"ताप कधी येतो?" तेही सांगता येईना. "वजन किती होतं, किती घटलं?" ते गप्प. बोलून चालून तोलणाराच माणूस! जिनातल्या प्रत्येक गाडीचे वजन तोंडपाठ, पाखराचे वजन गुंजेपर्यंत ठाऊक, आणि दहा वर्षे एका घरात राहणाऱ्या बायकोचे वजन ठाऊक नाही. पाखराची विष्ठा रोज पाहणाऱ्या माणसाने दोन महिने बायकोचा खोकला ऐकला नाही. जिभाऊ मला हे म्हातारपणी सांगत असत तेव्हाही त्यांची मान खाली जाई. ते म्हणत, "त्या दिवशी मला माझी लाज वाटली."

क्षय निघाला. त्या काळी क्षय म्हटले की लोकांच्या पोटात गोळा येई. पूर्वी पैसेवाले सॅनेटोरियमला जात आणि गरीब मरत. पण तोवर औषधे निघाली होती. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि १९५२ पासून आयसोनायझिडच्या गोळ्या वापरात आल्या. मद्रासला १९५६ साली क्षयाच्या औषधोपचाराचे केंद्र निघाले. तेथल्या डॉक्टरांनी गरीब वस्तीतले काही रोगी सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काहींना घरीच औषध दिले. १९५९ साली त्यांनी जाहीर केले की घरी राहून नियमाने औषध घेणारेही तितकेच चांगले बरे होतात, आणि त्यामुळे घरातल्या माणसांना धोकाही वाढत नाही. ही गोष्ट साऱ्या जगाने मानली. आपल्या देशाचा क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. आमच्या आजीला डॉक्टरांनी सांगितले, "घरीच ठेवा. रोज एक सुई, आणि गोळ्या एकही दिवस चुकायच्या नाहीत. दीड वर्ष." एवढे सोपे वाक्य. पण भगिनींनो, ते दीड वर्ष करायचे कोणी? घरात करणारी बाई तीच तर आजारी!

जिभाऊंनी दुसऱ्या दिवशीपासून दिनक्रम बदलला. पहाटे चारला उठायचे. आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे, नदीकाठच्या वाऱ्याने हात बधिर होतात. चूल पेटवून आजीला ऊन पाणी द्यायचे. तिची थुंकी झाकणाच्या डब्यात धरायची आणि गावाबाहेर जाळायची. मग पाखराची गोळी पाहायची, वजन करायचे. फटफटायच्या आत पांझरेच्या फडावर जायचे. तिथे गव्हा-हरभऱ्यात हिवाळ्याचे लावे उतरलेले असत. शिक्र्याला मुठीत छातीशी धरायचे आणि लावा उडाला की चेंडूसारखे त्याच्या रोखाने फेकायचे. जमले तर एक-दोन लावे मिळत. काळीज पाखराला तिथेच मुठीवर द्यायचे आणि बाकीचा लावा घरी आणून त्याचा रस्सा आजीला. डॉक्टरांनी दूध-अंडी सांगितली होती, ती रोज कुठून आणणार? आपल्यापैकी ज्यांना हे ऐकवत नसेल त्यांनी मला क्षमा करावी, पण त्या रश्श्यानेच आजीच्या अंगात बळ आले असे आई सांगते. मग साडेसातला आजीला सायकलवर बसवून सुईला न्यायचे, परत आणून सोडायचे, आणि नऊला जिनात काट्यावर हजर.

भाकरीचे काय? सुमन आठ वर्षांची. जिभाऊ तिच्याशेजारी बसून कळण्याच्या भाकरी थापायला शिकले. पहिल्या पंधरा दिवसांत एकही भाकरी गोल झाली नाही. जिनातले लोक हसत, "तोलणार भाकरी थापतो, पातळ साहेब धुतो." कारण आजीची लुगडीही तेच धूत. आधी आधी कोणी पाहू नये म्हणून अंधारात नदीवर जात. पौषात मात्र ते उजेडी जाऊ लागले. आईने विचारले तर म्हणाले, "अंधारात डाग दिसत नाहीत."

नातेवाइकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. "तिला माहेरी पाठवा. पोरांना लागण होईल." एक मावसभाऊ तर म्हणाला, "दुसरी करून टाका, पोरांना आई मिळेल." एक बायको असताना दुसरी करायला बंदी घालणारा कायदा होऊन गेला होता, १९५५ सालीच. पण कायदा दिल्लीत आणि मावसभाऊ ओट्यावर. आजी आत पडवीत बाजेवर पडून सारे ऐकत होती. जिभाऊंनी मावसभावाला चहा दिला. स्वतः केलेला. आणि म्हणाले, "दुसरी आहेच की घरात." आणि खुंटीशेजारच्या दांडीवर बसलेल्या शिक्र्याकडे बोट केले.

तेव्हापासून आजी त्या पाखराला सवत म्हणू लागली. "माझ्या सवतीचं झालं का वजन? सवतीला अठरा तोळे, मला किती?" मग जिभाऊंनी दर रविवारी जिनाच्या काट्यावर आजीचे वजन करायला सुरुवात केली. किलोची वजने तेव्हा नवीन आली होती. पहिल्या रविवारी आजी भरली साडेएकतीस किलो. आकडा भिंतीवर कोळशाने लिहिला. खाली पाखराचे तोळे. सवतीचे वजन वाढू द्यायचे नाही आणि आजीचे वाढवायचे, असा दुहेरी हिशेब त्या भिंतीवर चालला.

पण गोळ्यांचे दुखणे फार होते. त्या काळी सुई आणि आयसोनायझिड यांच्या जोडीला पी.ए.एस. नावाचे औषध देत. दिवसाला मूठभर. पोटात मळमळे, तोंडाची चव जाई. आजी तोंड फिरवी. जिभाऊंनी तिच्यावर आवाज चढवला नाही. ते तळहातावर गोळ्या घेऊन बाजेच्या कडेला बसत, तोंड दुसरीकडे करून, मुकाट्याने. कधी अर्धा तासही लागे. आई सांगते, ती बसण्याची पद्धत तिने ओळखली. अंधाऱ्या खोलीत पाखरासमोर बसत तशीच. शेवटी आजी गोळ्या उचली.

उचली, पण सगळ्याच गिळत नसे. जिभाऊ उठले की काही गोळ्या चुलीत टाकी. सुमनने पाहिले होते. आजीने तिला शपथ घातली होती. आठ वर्षांच्या मुलीच्या मनावर केवढे ओझे, विचार करा. आजीचे म्हणणे असे की, मी जगून तरी काय, ह्यांचा जीव त्या पाखरात, मी मेले तर ह्यांची एक कटकट जाईल.

आता संक्रांतीनंतरची गोष्ट. एके संध्याकाळी जिभाऊ घरी नसताना आजीला त्या उपाशी पाखराची कीव आली. तिने मांसाचा उरलासुरला तुकडा सगळा तिला खाऊ घातला. "सवत झाली म्हणून काय, उपाशी बघवत नाही." दुसऱ्या पहाटे सायकलचे चाक बसलेले होते, ते ठीक करण्यात वेळ गेला, आणि जिभाऊंनी त्या हिवाळ्यात एकदाच, वजन न करता पाखरू नेले. फडावर सोडले. ते लाव्याकडे गेलेच नाही. उंच पिंपळावर जाऊन बसले. घुंगरू वाजते आहे, दिसते आहे, पण येत नाही. जिभाऊंनी मूठ पुढे केली, मांस दाखवले. नाही. सुईची वेळ झाली तसे ते परत आले, आजीला दवाखान्यात नेले, आणि जिनातून अर्ध्या दिवसाची रजा काढून पुन्हा झाडाखाली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. असे पाखरू गेले तर बाजदाराने झाडाखालीच रात्र काढायची असते. शिक्रा अंधारात हलत नाही. पहाटे भूक लागली की तो मालकाकडे उतरतो. पण मालक तिथे नसला तर उजाडताच उठून जातो आणि मग पायातल्या वाद्या कुठेतरी फांदीला गुंतून मरतो. जिभाऊंना हे पुरते ठाऊक होते. तीन महिन्यांची मेहनत त्या फांदीवर बसली होती.

दिवेलागणीला ते घरी आले.

आजी म्हणाली, "पाखरू?"

"झाडावर."

"मग तुम्ही घरी कसे आलात?"

जिभाऊ म्हणाले, "तुन्या गोळ्या ऱ्हायन्यात ना." तुझ्या गोळ्या राहिल्या ना.

बस, एवढेच. हातपाय धुऊन, तळहातावर गोळ्या घेऊन, तोंड फिरवून ते नेहमीसारखे बाजेच्या कडेला बसले. आजीला रडू कोसळले. मग तिने सगळे सांगितले. पाखराला मीच खाऊ घातले हेही, आणि अकरा वेळा गोळ्या चुलीत टाकल्या हेही. सुमन दाराआड उभी राहून थरथरत होती, की आता जिभाऊ काय करतात. जिभाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टरांना अकरा सांगावे लागतील." आणि हात तसाच पुढे ठेवला. आजीने एकेक करून सगळ्या गोळ्या गिळल्या.

त्या रात्री कोणी फारसे झोपले नाही. साडेतीनला आजीनेच त्यांना उठवले. जिभाऊ गेले. उजाडता उजाडता पाखरू त्याच फांदीवर होते. पोट हलके झाले होते. मूठ पुढे केली, आणि आले. यात चमत्कार काही नाही, भूक होती म्हणून आले, असे जिभाऊ स्वतःच सांगत. ससाण्याला माया नसते. तो कुत्र्यासारखा पाय चाटीत नाही. तुम्ही त्याच्यासाठी रात्री जागल्या त्याचे त्याला काही नाही. तरी वेळेवर त्याचे सारे करायचे. "मला सवय होती," ते म्हणत, "उपकार न मानणाऱ्याचं करायची. आणि तुझी आजी तर मानत होती, मला दिसत नव्हतं."

होळीच्या आदल्या रविवारी आजीचे वजन साडेछत्तीस किलो भरले. खोकला जवळजवळ गेला होता. शिक्र्याला उन्हाळ्याच्या तोंडाशी सोडून द्यायचे असते, तिच्या घरट्याचे दिवस येतात म्हणून. धुळवडीच्या सकाळी जिभाऊंनी आजीच्या हाती कात्री दिली. तिने स्वतः पायातल्या वाद्या कापल्या, घुंगरू सोडवले. "जा बाई, आता तुझं तू बघ," म्हणाली. पाखरू थोडा वेळ परसातल्या भिंतीवर बसले, पिसे सारखी केली, आणि गेले. मागे वळून पाहिले नाही.

ते घुंगरू माझ्याजवळ आहे. हे पाहा. पितळेचे, ज्वारीच्या बोंडाएवढे.

आजीने औषधाचे दीड वर्ष पुरे केले, त्यानंतर एकही दिवस न चुकवता. पुढे ती चाळीस वर्षे जगली. जिभाऊ तिच्या आधी, १९९५ साली गेले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. असे पक्षी पकडणे आणि पाळणे गुन्हा ठरला, आणि ते बरोबरच झाले. जिभाऊंनी कायद्याचे कळले त्या दिवशी बालछत्री चुलीत घातली. अरबस्तानापासून युरोपपर्यंत कित्येक देशांत ही विद्या अजून कायदेशीर चालते, युनेस्कोने २०१० साली तिला जगाच्या वारशातही घेतले आहे. आपल्याकडे मात्र शिक्रा झाडावरच शोभतो.

आता शेवटचे आणि मी ज्यासाठी उभी राहिले ते. वर्ष-दीड वर्षापूर्वी मी सहा महिने मंडळात येत नव्हते. मणक्याचे दुखणे आहे असे मी तुम्हाला सांगितले होते. ते खोटे होते. मला क्षय झाला होता. ज्या घरात ही गोष्ट शंभर वेळा सांगितली गेली, त्या घरातल्या मुलीने दीड महिना खोकला लपवला! का? दिवाळीचा फराळ व्हायचा होता, मुलीची परीक्षा होती, आणि लोक काय म्हणतील. रात्री तोंडावर उशी धरून खोकत होते. शेवटी आईने फोनवर आवाज ऐकला आणि एकच प्रश्न केला, "तुझं वजन किती आहे गं?" मला सांगता आले नाही.

थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट झाली, औषधेही फुकट. आता दीड वर्ष लागत नाही, साध्या क्षयाला सहा महिने पुरतात, आणि रोज सुई टोचून घ्यावी लागत नाही. पोषणासाठी सरकार दरमहा पैसे देते. २०१८ साली ते पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. पण सहा महिने म्हणजे सहा महिने, बरे वाटले म्हणून मध्येच सोडायचे नाही.

आमच्या ह्यांना चहासुद्धा येत नव्हता. मी त्यांना दोष देत नाही, मी कधी करूच दिला नव्हता. पहिल्या आठवड्यात मीच चिडून उठे, गॅस पुसायला लागे. आई म्हणाली, "वढू नको. त्याला येऊ दे." म्हणून मी पडून राहिले. भगिनींनो, आपल्याला आपल्या घरी पडून राहणेसुद्धा शिकावे लागते. हळूहळू ते शिकले. दूध उतू गेले, भाकरी जळल्या, पण सहा महिने रोज रात्री तळहातावर गोळ्या घेऊन ते उभे राहिले. दर रविवारी दळणाच्या गिरणीतल्या काट्यावर मला उभे करीत. गिरणीवाला हसे. हसू दे.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. लाज बाळगू नका, मी बाळगली आणि दीड महिना घालवला. आपल्या घरातल्या माणसांना आपले वजन, आपला ताप, आपली औषधे माहीत असू द्या. न विचारता त्यांना कळेल असे धरून बसू नका. जिभाऊंसारख्या माणसालाही डॉक्टरांनी विचारल्यावर कळले. आणि संक्रांतीला पोरांना नायलॉनचा मांजा आणून देऊ नका. त्यावर बंदी आहेच, पण बंदीपेक्षा आईचा शब्द पोरे लवकर ऐकतात. पाखरू सापडले तर घरात ठेवू नका, १९२६ वर कळवा.

आता मंडळात बसताना माझ्या शेजारची जागा कोणी सोडायचे कारण नाही. औषध पुरे झाले आहे, तपासणीचा कागद पर्समध्ये आहे, हवा तर दाखवते. मागच्या महिन्यात मला एक्केचाळीस किलोवरून सत्तेचाळीस झाले म्हणून ह्यांनी गिरणीवाल्याला पेढे दिले.

चहाचे आधण उकळले असेल.